कोण हललं?

क्यूसीकाका मॅच बघायचे म्हणजे मॅच बघणाऱ्यांना बघायचे. टीव्हीच्या बाजूला एक लाकडी स्टूल होतं, त्यावर ते निम्मे आमच्याकडे तोंड करून बसत. एक डोळा पडद्यावर आणि एक आमच्यावर. काका ब्राझीलचे. ब्राझीलवर गोल झाला की बाकीचं जग गोलकीपरला शिव्या घालतं. काका टीव्हीचा आवाज बंद करत, हॉलमधल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघत आणि विचारत, "कोण हललं?"

मग रीतसर चौकशी. काकूंनी मेथी निवडायची मध्येच थांबवली होती का? मी चष्मा पुसला का? वरच्या मजल्यावरचा संतोष, जो अंबडला कामाला होता आणि न चुकता मॅचला यायचा, त्यानं मांडी बदलली का? एकदा संतोषच्या एकाच पायात चप्पल असताना ब्राझीलनं गोल केला. त्या बिचाऱ्यानं मग अख्खा वर्ल्डकप एका चपलेत काढला. पुढं पुढं तर तो घरूनच एक चप्पल घालून जिना उतरायचा. बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. त्या हॉलमध्ये बसल्यावर यायचं नाही. आपणच हललो असू का, असं खरोखर वाटायला लागायचं.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते कुणी वाचत नसे. अंबडच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर क्वालिटी कंट्रोलचं, म्हणजे क्यूसीचं काम केलं. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मापायचा, आणि यात काहीतरी चुकलेलं असणारच अशा नजरेनं त्याच्याकडे बघायचं. रिटायर झाल्यावर माल बदलला, नजर तीच राहिली. दुधाची पिशवी चारी कोपऱ्यांना दाबून बघितल्याशिवाय घरात यायची नाही. भाजीवाली म्हणायची, "काका, सटाण्याचा कांदा हाय, डोळे झाकून घ्या." काका म्हणायचे, "सटाण्याचा आहे हे तू सांगतेस. कांदा कुठं सांगतोय?" आणि एकेक कांदा अंगठ्यानं दाबत बसायचे. 'मला डाउट आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून इतक्यांदा निघायचं की काकूंनी ते ऐकायचंच सोडून दिलं होतं.

त्यांचा सगळ्यात जुना डाउट 'लाइव्ह' या शब्दावर होता. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं नेहमी आमच्याआधी ओरडायची. आमच्या टीव्हीवर बॉल अजून मैदानाच्या मध्यावर असायचा आणि तिकडून "गोऽऽल" ऐकू यायचं. ज्याच्या-त्याच्या केबलमध्ये, मोबाइलमध्ये थोडा फरक पडतो, असं संतोषनं हजारदा समजावलं. काका मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हणजे मॅच होऊन गेलेली असते. आपल्याला उरलेली वाढतात." एकदा तिथं जाऊन, मैदानात बसून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, ही इच्छा त्यांच्या मनात अशी शिरली. हौसेपेक्षा ती खात्री करून घेण्याची गरज होती.

आता गंमत अशी, की हा माणूस अंधश्रद्धेचा कट्टर वैरी. दर पौर्णिमेला विहारात जाणारा. बिल्डिंगच्या गेटला कुणी लिंबू-मिरची बांधली की सकाळी काका स्वतः स्टूल नेऊन ती सोडून टाकत आणि त्या लिंबाचं सरबत करून पीत. संतोषनं एकदा भीत भीत विचारलं, "काका, मग आपलं हे चपलेचं काय?" काका चिडले. "ते निरीक्षण आहे. चार वेळा बघितल्याशिवाय मी कुणाला काही बोलतो का? लिंबाचं कुणी निरीक्षण केलंय?"

मी या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायला आले तेव्हा माझे मिस्टर जाऊन वर्षही झालं नव्हतं. शाळेत शिकवायचं, घरी यायचं, दार लावून घ्यायचं. मी समोरच्याच दारात, म्हणून काकूंनी मला मॅच बघायला ओढून नेलं. फुटबॉल मला ओ का ठो कळत नव्हता. नेमकी मी पाहिलेली पहिलीच मॅच ब्राझीलनं सात गोल खाल्ले ती. पहिला गोल कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवर झाला, आणि त्याच क्षणी मी काकूंच्या हातातला ट्रे घ्यायला उठले होते. पुढचे गोल इतक्या भराभर झाले की एकाची चौकशी संपत नाही तोवर दुसरा हजर. शेवटी काका चौकशी सोडून भिंतीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी जिना उतरत होते तर खालून तळमजल्यावरच्या निकमबाईंचा आवाज आला. "त्या नव्या मॅडमला कशाला पुढं बसवलंत काका? आधीच त्यांचं…" वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. असली वाक्यं लोक अर्धीच सोडतात, पुढचं ऐकणाऱ्यानं भरून घ्यायचं असतं. सासरी मी ती आधीपासून भरून घेत आले होते. मी कठड्याला धरून उभी राहिले.

"आधीच काय? पुरं बोला," काकांचा आवाज आला.

"तसं नाही हो, आपलं म्हणायचं…"

"त्यांचे मिस्टर हार्टनं गेले. कारण हार्ट. बायकोच्या पायानं कुणाचं हार्ट बंद पडत नाही, निकमबाई. हे पुन्हा माझ्यासमोर बोलायचं नाही."

निकमबाई आत गेल्या. काकांनी वर बघितलं, मी दिसले, जरा ओशाळले. चार पायऱ्या चढून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही मॅचला यायचंच. फक्त कॉर्नर मिळाला की तेवढं गॅलरीत जात जा. ते वेगळं आहे."

मिस्टर गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर हसले असेन. दार लावून घेऊन, एकटीच. माझ्यावर संशय घेणारी माणसं मी खूप पाहिली होती, पण तोंडावर, एवढ्या नेमकेपणानं आणि एवढ्यापुरताच संशय घेणारं हे पहिलंच माणूस. मी गॅलरीत जायला लागले. पुढच्या वर्ल्डकपला एका कॉर्नरच्या वेळी मला उठायला जरा उशीर झाला, तर ब्राझीलनं तो बॉल आपल्याच जाळ्यात घातला. काका माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बघा." त्यानंतर कॉर्नर दुसऱ्या कुठल्याही देशाचा असला तरी मी गॅलरीत असायचे. तिथून पांडवलेणीचा डोंगर दिसायचा, तो बघत मी आतल्या आवाजावरून काय झालं ते ओळखायचे. गेली काही वर्षं मला फुटबॉल बऱ्यापैकी कळतो, पण तो एक सोडला तर कॉर्नरवरचा गोल मी अजून पाहिलेला नाही.

सोनल ही काकांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती कतारला, दोह्याला गेली आणि वर्ल्डकपही दोह्यालाच आला. जावयांनी तिकिटं काढली. काकूंचा पासपोर्ट वेळेत आला नाही, काकांचा आला. काकूंचाच नेमका कसा अडकला, याचा आम्हाला डाउट होता. घरातली जागा रिकामी राहू नये म्हणून काकांनीच काही केलं की काय, असं संतोष म्हणालाही. काकूंनी चिवड्याचा डबा बांधून दिला आणि त्यांना रवाना केलं.

तिकडून रोज फोन. विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत गेली ती कुणी पाहिली का, इथपासून सुरुवात. "मॅडम, इथं मैदानाला एसी आहे. उघड्या मैदानाला! वारं कुठल्या बाजूनं सोडतात त्यावर बॉल वळणार की नाही? मला डाउट आहे." मॅच सुरू होताना दोन्हीकडचे खेळाडू ते मोजून घेत, अकराच आहेत ना म्हणून. पण पहिल्या मॅचनंतर फोनवर त्यांचा आवाज वेगळाच होता. "मॅडम, इथं सगळे एकदम ओरडतात हो. आधी कुणालाच कळत नाही. सगळ्यांना एकदमच कळतं." काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "झाली ना खात्री? आता या परत." पण ब्राझील आणि क्रोएशियाची मॅच राहिली होती, तिचं तिकीट होतं.

त्या मॅचला आम्ही नाशिकला आपापल्या जागी बसलो. काकांनी दुपारीच फोन करून सगळ्यांना बजावलं होतं. संतोषची एक चप्पल, काकूंची मेथी, कॉर्नरला मी गॅलरीत. कुणी हललं नाही. तिकडं काय झालं ते नंतर जावयांनी सांगितलं. वेळ संपली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. काका बाथरूमला म्हणून उठले, आणि ते बाहेरच्या पॅसेजमध्ये असताना ब्राझीलनं गोल केला. स्टेडियम दणाणलं. काका तिथंच थांबले. आत यायला तयार होईनात. "मी इथंच बरा आहे. तुम्ही बघा," म्हणाले. जावई मायेचे, मॅच संपत आली तसे ते उठून गेले आणि काकांचा हात धरून त्यांना आत घेऊन आले. "पप्पा, एवढ्या लांबून भिंत बघायला आलात का?" काका बसले. थोडाच वेळ राहिला होता. क्रोएशियानं गोल केला. मग पेनल्टीवर ब्राझील हरलं.

रात्री फोन आला. "कोण हललं होतं?"

"कुणी नाही हो," काकू म्हणाल्या.

"संतोष?"

"नाही."

"मॅडम?"

"गॅलरीतच होत्या."

एवढ्या वर्षांच्या चौकशीत सगळे निर्दोष सुटण्याची ती पहिलीच वेळ. एकच माणूस शिल्लक राहत होता.

त्याच आठवड्यात सोनलची तब्येत बिघडली, तिला दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. काकूंनी आम्हाला फारसं सांगितलं नाही. काका ठरल्यापेक्षा आधीच परत आले. येताना सगळ्यांना खजूर आणले, संतोषला पिवळा टी-शर्ट आणला आणि मॅच बघणं बंद केलं. हॉलमध्ये टीव्ही लागला की ते खाली जाऊन वॉचमनच्या खुर्चीत बसत. आम्हाला वाटलं, रुसवा आहे, जाईल. पण तो पसरत गेला. संतोषनं फ्लॅट घेतला, काका बघायला गेले नाहीत. माझ्या शाळेत माझ्या वर्गाचं नाटक होतं, दारापर्यंत आले आणि मागे वळले. "मी लांबूनच बरा," एवढंच म्हणायचे. दुधाची पिशवीसुद्धा न दाबता आत घ्यायला लागले, तेव्हा मात्र काकू घाबरल्या. सगळ्यांवरचा संशय त्यांनी काढून घेतला होता आणि सगळा स्वतःवर ठेवला होता.

वर्षभरानं सोनल बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरेपर्यंत काका ठीक होते. तिच्यासाठी शहाळी आणायचे, तिची औषधं उलटसुलट करून बघायचे. नववा लागला आणि एक दिवस ते पिशवी घेऊन मनमाडला भावाकडे निघून गेले. "बाळ झालं की कळवा," म्हणाले. सोनल रडून रडून सुजली. "पप्पांना मी नकोशी झालेय का?" तिचाही संशय सुरू झाला. मुलगी होईल म्हणून गेले असतील, असंही निकमबाईंनी तिच्या डोक्यात घातलं. काकू मला म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या मॅडम. तुमचं ऐकतील. माझं ऐकायची त्यांना सवय नाही."

रविवारी सकाळच्या गाडीनं मी मनमाडला गेले. रेल्वे कॉलनीत त्यांच्या भावानं मैदानाकडे बोट दाखवलं. "लहानपणापासून तिथंच हाय तो. सकाळपासनं बसलाय." मैदानात पोरं खेळत होती आणि काका कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर मैदानाकडे पाठ करून बसले होते. मला बघून ताडकन उठले. "तिकडं काही…?"

"काही नाही. सगळं ठीक आहे. सोनल रडतीय तेवढं सोडून."

"रडू दे. सुखरूप सुटेपर्यंत मी येत नाही."

"एका मॅचवरून एवढं, काका?"

"मॅच गेली खड्ड्यात!" ते ओरडले. मागची पोरं खेळायची थांबली. मग आवाज खाली आला. "मॅडम, मी दोह्यात होतो तेव्हाच, त्या मॅचच्या आठवड्यात तिचं पहिलं पोटातच गेलं. दिवस जाऊन दोन महिने झाले होते. मी जाण्याआधी सगळं नीट होतं. मी घरात पाय ठेवला आणि… डॉक्टर म्हणाले, होतं असं बऱ्याच जणींचं, कुणाची चूक नसते. पण मी बघितलं ना. मैदानात गेलो तर तिथं तसं, घरात गेलो तर तिथं असं. जन्मभर दुसऱ्यांना विचारत बसलो कोण हललं म्हणून. आता माझा नंबर."

मी त्यांच्या शेजारी बसले. समजूत घालायला गेले होते, पण मला राग आला. खूप जुना राग होता तो, त्यांच्यावरचा नव्हताच.

"काका, माझे मिस्टर गेले तेव्हा माझ्या सासूबाईंनी हेच मांडलं होतं. ही घरात आली आणि सासऱ्यांची नोकरी गेली. ही आली आणि दीर आजारी पडला. ही आली आणि आता मुलगा गेला. त्यांनीही सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग तुम्ही निकमबाईंना जिन्यात ते का बोललात?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

काका चपलेच्या टोकानं माती उकरायला लागले.

"तुमच्या पायानं सोनलचं बाळ गेलं असेल, तर माझ्या पायानं माझा नवरा गेला. आणि ते खोटं असेल, तर हेही खोटं. दोन्हीपैकी काय ते एक सांगा. मी ऐकते आणि परतीची गाडी पकडते."

काका माझ्याकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर कुठं तडा आहे का हे शोधत असल्यासारखे. मला वाटलं, आता म्हणतील, डाउट आहे. मी खरंच घाबरले होते. या माणसानं 'हो' म्हटलं असतं तर मी ते मानलं असतं, सासूबाईंचं मानलं नव्हतं तरी.

"तुमच्याबद्दल मला तसं कधीच वाटलं नाही," ते म्हणाले. मग चपला झटकल्या, धूळ उडाली. "गाडी किती वाजता आहे?"

आम्ही परतलो तोवर सोनलला दवाखान्यात दाखल केलं होतं; काका आले ते थेट तिच्या खाटेपाशी. तिनं त्यांचा हात धरला आणि भांडायचं ठरवलेलं सगळं विसरली. ऑपरेशन करावं लागलं. दार बंद झालं तसे काका गळाठून बाकावर बसले, आता पळतात की काय असं मला वाटलं. तेवढ्यात एक नर्स सलाईनची बाटली घेऊन समोरून गेली. काका उठले. "सिस्टर, जरा थांबा. तारीख बघू द्या." मग तिच्या छातीवरचं नाव वाचलं. मग लिफ्टचा आवाज बरोबर नाही म्हणाले. काकूंनी माझा हात घट्ट दाबला आणि आम्ही दोघी रडत रडत हसायला लागलो. मुलगी झाली. बाळाच्या पायातला पट्टा त्यांनी वाचला, आणि खात्रीसाठी शेजारच्या बाळाचाही वाचला.

काका गेले त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. जाण्याआधी ते पुन्हा मॅच बघायला लागले होते आणि आम्हाला पुन्हा धारेवर धरत होते. मीही आता दुधाची पिशवी दाबून बघते, आणि लोकांनी अर्धं सोडलेलं वाक्य त्यांच्याकडून पुरं करून घेते. ही त्यांचीच देणगी. त्यामुळं माझं काही माणसांशी पटेनासं झालंय आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण त्यांची आठवण आली की मला बारशाचा दिवस दिसतो. भंतेजी वंदना म्हणून बाजूला बसले होते. हॉल माणसांनी भरला होता, निकमबाई पुढेच होत्या. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, पण जावयांना बहीण नव्हती, आणि कुणाला पुढं करायचं यावर बायकांची कुजबुज चालली होती. मी सवयीप्रमाणे दाराजवळ, भिंतीला टेकून उभी होते. अशा वेळी आपण कुठं उभं राहायचं हे आमच्यासारख्यांना न सांगता कळतं.

"मॅडम," काकांनी सगळ्यांसमोर हाक मारली. "या पुढं. नाव तुम्ही सांगायचं."

काकांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. सोनलनं बाळ उचललं आणि माझ्याकडे दिलं. मिस्टर गेल्यापासून तान्हं मूल माझ्या हातात कुणी दिलं नव्हतं. नाव मला पाठ होतं, तरी सांगायला वेळ लागला, आणि तोवर ते सगळे थांबून राहिले.